मारणे आणि मरू देणे

मारणे आणि मरू देणे : नीतिशास्त्रातील एक भेद आणि त्यावरून चाललेला वाद. आपल्या कृतीने कोणाचा जीव जाणे आणि वाचवता येत असताना आपण स्वस्थ बसल्यामुळे तो जाणे, यांत नैतिक फरक आहे का, असलाच तर किती, हा त्यातला प्रश्न आहे. ‘बघ्याची भूमिका घेतली’ हे मराठीत दूषणच असते. पण बघ्याला कोणी खुनी म्हणत नाही. या सर्वमान्य समजुतीला तर्काचा आधार आहे की ती नुसती सवय आहे, हे तपासण्यात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अनेक तत्त्वज्ञांची लेखणी झिजली.

आधुनिक चर्चेला तोंड फुटले ते फिलिपा फूट यांच्या १९६७ सालच्या, गर्भपातावरील निबंधामुळे. त्यात त्यांनी सुटलेल्या ट्रॅमचे उदाहरण दिले. समोरच्या रुळांवर पाच माणसे आहेत, फाट्यावर एक. चालकाने ट्रॅम फाट्यावर घ्यावी, असे बहुतेकांना वाटते. मग दंगल शमवून पाच जीव वाचवण्यासाठी एका निरपराध माणसाला फासावर देणारा न्यायाधीश का खटकतो? हिशेब तर तोच आहे. फूट यांच्या मते इजा न करण्याचे कर्तव्य मदत करण्याच्या कर्तव्यापेक्षा जड असते. चालकाने काहीही केले तरी त्याच्या हातून कोणीतरी मरणारच. तेव्हा त्याने कमी मारावेत. न्यायाधीशाची गोष्ट वेगळी. तो गप्प राहिला तर त्याने कोणाला मारले असे होत नाही.

हे उत्तर फार काळ टिकले नाही. ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी १९८५ साली चालकाला बाजूला सारले आणि सांधा बदलण्याचा खटका रुळांजवळच्या एका वाटसरूच्या हाती दिला. हा वाटसरू निघून गेला तर पाच जण मरतील, पण त्याने कोणालाही मारलेले नसेल. सांधा बदलला तर मात्र तो एकाला मारतो. तरीही त्याने खटका ओढायला हरकत नाही, असेच ऐकणारे म्हणतात! पण उदाहरण बदलून, रुळांवरच्या पुलावर उभ्या असलेल्या जाड्या माणसाला खाली ढकलून त्याच्या देहाने ट्रॅम थांबवा म्हटले, की तेच लोक मागे सरतात. या दोन्ही प्रतिक्रिया एकाच तत्त्वात बसवणे म्हणजे ‘ट्रॉली प्रॉब्लेम’. त्यावर इतके लिखाण झाले की काही जण त्याला थट्टेने स्वतंत्र शास्त्रच मानतात. गंमत अशी की २००८ साली खुद्द थॉमसन यांनी पवित्रा बदलला. पाच जणांसाठी स्वतः मरण्याचे बंधन वाटसरूवर नसेल, तर ती किंमत त्याने परस्पर तिसऱ्याकडून वसूल करू नये, असे त्यांनी मांडले. वादातला हा सर्वांत प्रामाणिक क्षण म्हणावा लागेल.

हेतू आणि परिणाम यांत फरक करणारा ‘दुहेरी परिणामाचा सिद्धांत’ याच वादाचा शेजारी आहे. त्याचे मूळ तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस यांच्या स्वसंरक्षणाच्या विवेचनात शोधले जाते. पण हेतू कोणता आणि हात कोणाचा, हे दोन प्रश्न वेगळे ठेवलेले बरे.

भेदच नाकारणाऱ्यांत जेम्स रेचेल्स यांचे नाव आधी घेतले जाते. १९७५ साली एका वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी दोन माणसांची गोष्ट मांडली. दोघांनाही सहा वर्षांच्या चुलतभावाच्या मृत्यूने वारसा मिळणार आहे. पहिला आंघोळ करत असलेल्या मुलाला टबात बुडवून मारतो. दुसराही त्याच इराद्याने आत जातो, पण मुलगा आपणच घसरतो, डोके आपटून पाण्यात पडतो. हा टबाशी उभा राहतो. डोके वर आलेच तर पुन्हा दाबायला हात तयार. पण तशी वेळ येत नाही. दोघांत उजवा कोण? कोणीच नाही, असे म्हणावेसे वाटते; आणि म्हणून मारणे व मरू देणे यांत मुळात फरक नाही, असा रेचेल्स यांचा निष्कर्ष. युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण त्यात एक फट आहे. अमावास्येच्या रात्री पांढरा बैल आणि करडा बैल सारखेच दिसतात, म्हणून त्यांचा रंग एक ठरत नाही. दोघांचा दुष्टपणा इतका गडद आहे की त्यात दुसरा कुठलाच फरक दिसणार नाही.

रेचेल्स यांचा रोख वैद्यकाकडे होता आणि वादाची खरी कसोटीही तिथेच लागते. व्हेंटिलेटर न लावणे हे सरळच ‘न करणे’ आहे. लावलेला काढणे? त्यात हात हलतो, नळी निघते, श्वास थांबतो. उपचार थांबवायचे ठरल्यावर डॉक्टरने ते केले, तर रोग्याला मूळ आजाराने मरू दिले असे म्हणतात. तीच नळी वारशावर डोळा ठेवून आलेल्या कोणी गुपचूप काढली, तर तो खून. हालचाल तीच, बोटे तशीच. तेव्हा फरक हालचालीत नसून अधिकारात आणि नात्यात असावा : आपणच चालू केलेली मदत थांबवणारा आणि दुसऱ्याची मदत तोडणारा एक नव्हेत. १९९३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, शुद्ध कायमची हरपलेल्या एका तरुणाचे नळीतून चाललेले अन्न थांबवण्यास मुभा दिली, ती हे ‘न करणे’च आहे असे धरून. मात्र निकाल देणाऱ्यांपैकी काहींनीच या भेदाबद्दल अस्वस्थता नोंदवली. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ आणि २०१८ मधील निकालांनी निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे उपचार थांबवून मरू देण्याला, अटींसह वाट दिली; सक्रिय दयामरणाला, म्हणजे औषध देऊन जीव घेण्याला, नाही. नेदरलँड्सने २००२ पासून ही रेषा ओलांडली आहे.

रुग्णालयाबाहेर ‘न करण्या’ची जबाबदारी कुठवर धरायची, याबाबत कायदे एकमताचे नाहीत. इंग्लंडच्या परंपरेतला कायदा बुडणाऱ्या परक्याला वाचवण्याची सर्वसाधारण सक्ती करत नाही. फ्रान्समध्ये स्वतःला धोका नसताना मदत टाळणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, जर्मनीत एक वर्षापर्यंत. पीटर सिंगर यांनी १९७२ साली हा धागा पार ताणला. डबक्यात बुडणाऱ्या पोरासाठी कपडे भिजवणे भाग असेल, तर दूरदेशी उपासमारीने मरणाऱ्यांसाठी पैसे न देणारेही बघेच. याचे समाधानकारक खंडन अवघड आहे आणि पालन त्याहून अवघड.

‘नरो वा कुंजरो वा’ म्हणणाऱ्या धर्मराजाने द्रोणांवर शस्त्र उगारले नव्हते. करून नामानिराळे राहण्याची सोय जुनीच आहे. न्यायालयापुढे ती सर्वांत उघडी पडली १८८४ साली. ‘मिग्नोनेट’ ही नौका इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाकडे जाताना दक्षिण अटलांटिकमध्ये बुडाली. कप्तान डडली, खलाशी स्टीफन्स व ब्रूक्स आणि रिचर्ड पार्कर नावाचा सतराएक वर्षांचा पोरगा एका छोट्या होडीत उतरले. सलगमाचे दोन डबे, वाटेत पकडलेले एक कासव, आणि पिण्यासाठी पावसाचे मिळेल तेवढे पाणी. पार्कर समुद्राचे पाणी प्यायला आणि होडीच्या तळाशी निपचित पडला. विसाव्या दिवसाच्या सुमारास, चिठ्ठ्या न टाकताच, डडलीने स्टीफन्सच्या संमतीने त्याला मारले. चौथ्या दिवशी एका जहाजाने उरलेल्यांना उचलले. गरज ही खुनाची सबब होऊ शकत नाही, असे न्यायाधीश लॉर्ड कोलरिज यांनी ठरवले. कोणाचा जीव किती मोलाचा हे मोजणार कोण, आणि एखाद्या प्रौढाऐवजी दुबळ्या पोराचाच बळी का, असे त्यांनी विचारले. डडली आणि स्टीफन्स या दोघांना फाशीची शिक्षा झाली, ती पुढे सहा महिन्यांच्या कैदेवर आली.

ब्रूक्सने मारायला नकार दिला होता. त्याने कोणाला अडवले मात्र नाही, आणि नंतर त्यानेही खाल्ले. खटल्यात त्याची साक्ष झाली. आरोप ठेवला गेला नाही.