स्कीइंगला जाण्याआधी, आणि गुडघा दुखावून परतल्यावर : आमच्या फिजिओथेरपी केंद्राच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गुलमर्ग, औली किंवा सोलंगला पहिल्यांदा स्कीइंग करायला निघालेल्यांना धास्ती असते ती हाड मोडण्याची. खरा मार बसतो तो गुडघ्याला. स्कीइंगमधल्या एकूण दुखापतींपैकी साधारण एक तृतीयांश गुडघ्याच्या असतात. त्याचं कारण पायातल्या बुटात आहे. स्कीचा कडक प्लास्टिकचा बूट घोट्याला आणि नडगीच्या खालच्या भागाला हलू देत नाही. म्हणून बर्फात स्की अडकली की सगळा पीळ सरळ वर गुडघ्यात जातो. तिथे बहुतेकदा दोन लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारे पट्टे, दुखावतात : गुडघ्याच्या आतल्या बाजूचं एमसीएल आणि सांध्याच्या मधोमध असलेलं एसीएल.

सहा ते आठ आठवडे आधी

जानेवारीअखेरची ट्रिप असेल तर डिसेंबर लागला की सुरुवात करा. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी अर्धा तास पुरतो. शेवटच्या आठवड्यात एकदम जोर काढला तर दुखऱ्या मांड्या घेऊन विमानात बसाल.

स्की करताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात, म्हणजे जिना उतरताना करतात तेच काम. त्यामुळे नुसतं चालणं किंवा सायकल पुरत नाही. सिंहगडावर जाणार असाल तर उतरताना गाडी करू नका, पायी उतरा.

घरी करायचा सगळ्यात उपयोगी व्यायाम म्हणजे पायरीवरून उतरणं. नेहमीच्या जिन्याच्या पायरीवर एका पायावर उभे राहा. दुसऱ्या पायाची टाच चार अंक मोजत सावकाश खालच्या पायरीला टेकवा आणि वर या. प्रत्येक पायाने १० वेळा, असे ३ सेट. समोर आरसा हवाच, कारण चूक दिसते ती तिथेच : खाली जाताना गुडघा आत, दुसऱ्या पायाकडे झुकतो. हा दोष बहुधा कमरेच्या बाजूचे स्नायू कच्चे असल्याने येतो. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहत नसेल तर पायरीची उंची कमी करा, वेग वाढवू नका. सोबत साइड प्लँक, म्हणजे कुशीवर झोपून कोपरावर भार देत कंबर उचलणं, २०-२० सेकंद धरा.

मांडीचा मागचा भाग लोक विसरतात, आणि एसीएलला आधार देणारा स्नायू नेमका तोच. गुळगुळीत फरशीवर उताणे झोपा, टाचांखाली नॅपकिन ठेवा, कंबर उचला आणि टाचा सावकाश पुढे सरकवा. पाय जवळजवळ सरळ झाले की कंबर टेकवून टाचा परत ओढा. सुरुवातीला ६ वेळा, पुढे १० पर्यंत. भिंतीला पाठ टेकवून गुडघे ९० अंशांत ठेवून बसणं ३० सेकंदांपासून सुरू करून मिनिटापर्यंत न्या. चौथ्या आठवड्यापासून फरशीवरची रेघ ओलांडत बाजूला उड्या मारा. उतरताना आवाज झाला नाही तर उडी बरोबर.

गुडघा आधीच सुजत असेल किंवा जिन्यात दगा देत असेल तर यातलं काहीही करण्याआधी दाखवून घ्या.

भाड्याचं साहित्य घेताना

बुटात एकच लांब मोजा घाला. थंडी वाजेल म्हणून दोन घातले की रक्तप्रवाह दबतो, पाय गार पडतात आणि आत घसरतात. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवल्यावर किंचित मागे यावीत. टाच वर उचलली जात असेल तर बूट मोठा आहे.

बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारं आणि पडल्यावर सोडणारं यंत्र. त्यावर ‘डिन’ आकडा असतो. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुमची तयारी यावरून तक्त्यात पाहून लावायचा असतो. वय ५० किंवा जास्त असेल तर आकडा एक पायरी खाली येतो. दुकानदाराने काही न विचारता स्की हातात दिली तर आधीच्या ग्राहकाचं सेटिंग तुमच्या पायाखाली आलं असं समजा. तक्ता काढायला लावा आणि वजन खरं सांगा. मात्र बाइंडिंग मुख्यतः नडगीचं हाड वाचवण्यासाठी असतं. मागे पडताना गुडघा पिळला तर ते वेळेवर सुटेलच असं नाही.

उतारावर

एसीएल तुटण्याची नेहमीची तऱ्हा अशी : वेग वाढतो, माणूस घाबरून मागे रेलतो, कंबर गुडघ्यांच्या खाली जाते, हात मागे जातात. सगळं वजन उताराकडच्या स्कीच्या आतल्या कडेवर आणि शेपटावर येतं. ते शेपूट बर्फात रुतून स्की आत वळवतं आणि वाकलेला गुडघा पिळला जातो.

म्हणून तोल गेला की हात पुढे आणा, पाय एकत्र घ्या. सावरणं शक्य नसेल तर बाजूला पडा. मागे बसून थांबायला जाऊ नका, घसरत असताना उठू नका, पडताना पाय ताठ करू नका. पूर्ण थांबलात की मगच उठा. नवशिक्यांची ‘पिझ्झा’ची पोझ, म्हणजे स्कीची टोकं जवळ आणि शेपटं लांब, आवश्यक आहे. पण त्यात पाय फार फाकले किंवा टोकं एकमेकांवर चढली तर एमसीएलवर ताण येतो.

गुलमर्ग सुमारे २६५० मीटरवर आहे. पहिल्या दिवशी दम लवकर लागतो. ‘शेवटची एक फेरी’ दमलेल्या मांड्यांनी मारू नका. हेल्मेट घाला. डोक्याला मार लागून गरगरलं, मळमळलं किंवा काही आठवेनासं झालं तर स्कीइंग बंद करून डॉक्टर गाठा.

पोलच्या, म्हणजे हातातल्या काठीच्या, पट्ट्यात मनगट अडकवलेलं असताना हातावर पडलं की पोलची मूठ अंगठा बाहेर ताणते. चिमटीत किल्ली धरता येत नसेल तर एक्स-रे काढा. अंगठ्याचं अर्धवट फाटलेलं लिगामेंट ४ ते ६ आठवडे स्प्लिंटमध्ये जुळतं. पूर्ण तुटलं असेल तर बऱ्याचदा ऑपरेशन लागतं, म्हणून ‘मुरगळलंय, बसेल’ म्हणून महिना घालवू नका.

गुडघा दुखावला तर

‘कट्’ असा आवाज आला आणि दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगला, तर सांध्यात रक्तस्राव झालेला असू शकतो. एसीएलची शंका तिथेच घ्यायची. चार पावलंही टाकता येत नसतील, गुडघा ९० अंश वाकत नसेल, वाटीवर किंवा बाहेरच्या बाजूला हाडावर दाबल्यावर दुखत असेल, किंवा वय ५५ किंवा जास्त असेल तर आधी एक्स-रे.

पहिले दोन-तीन दिवस क्रेप बँडेज, पाय छातीपेक्षा उंच, आणि नॅपकिनमध्ये गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटं. बर्फ थेट त्वचेवर नको. तेल लावून चोळणं, गरम शेक आणि हाडवैद्याकडून ओढून घेणं यांनी सूज वाढते. खांदा निखळला तर तो मित्राने ‘बसवू’ नये. झोळी बांधून दवाखान्यात न्या.

परतीच्या प्रवासात दर तासाला पाऊल २०-३० वेळा वरखाली करा. पोटरी सुजून दुखू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर थेट इमर्जन्सी गाठा. रक्ताची गुठळी ही फिजिओथेरपीची केस नव्हे.

घरी आल्यावर

सौम्य एमसीएल १ ते ३ आठवड्यांत सावरतं, मध्यम ४ ते ६ आठवड्यांत, पूर्ण फाटलेलं साधारण ८ ते १२ आठवड्यांत, तेही ब्रेस लावून. प्रत्येक तुटलेल्या एसीएलचं ऑपरेशन करावंच लागतं असं नाही. ते ठरतं वय, काम, इतर इजा आणि गुडघा दगा देतो का यावर.

ऑपरेशन झालं असेल तर पहिल्या दोन आठवड्यांचं मुख्य काम गुडघा पूर्ण सरळ करणं. दुखतं म्हणून घरचे प्रेमाने गुडघ्याखाली उशी ठेवतात आणि गुडघा वाकलेलाच आखडतो. त्याऐवजी टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा, ५ मिनिटं, दिवसातून ४-५ वेळा. मांडी आवळून ५ सेकंद धरणं दर तासाला १० वेळा. गुडघ्यातल्या गादीला (मेनिस्कसला) टाके घातले असतील तर उकिडवं बसणं, मांडी घालणं आणि भारतीय पद्धतीचा संडास सर्जन सांगेपर्यंत, बहुधा ४ महिने, बंद. कमोडची सोय ऑपरेशनच्या आधीच करून ठेवा.

परत स्कीइंग किमान ९ महिन्यांनी, पण नुसते महिने मोजून नव्हे. आम्ही दोन्ही पायांची ताकद आणि एका पायावरच्या उड्या मोजतो. दुखावलेला पाय दुसऱ्याच्या ९० टक्क्यांपर्यंत आला पाहिजे आणि नंतर सूज येता कामा नये. चालताना दुखत नाही म्हणून सहाव्या महिन्यात तिकीट काढणारे पुष्कळ असतात. त्यांची मांडी टेपने मोजली की दोन्ही पायांतला फरक त्यांनाही दिसतो.

पहिल्या भेटीला एमआरआयचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्यांची यादी आणा. हाफ पँट घालून या. जीन्स वर सरकवून गुडघा तपासता येत नाही.