डिस्क लावली की कॉम्प्युटर हँग का होतो?

लग्नसराईत कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या कुठल्याही फोटो स्टुडिओत डोकावा, टेबलावर दोन-चार एक्स्टर्नल हार्ड डिस्क दिसतीलच. त्यातली एखादी लावली की कॉम्प्युटर अडतो. फोल्डरच्या वरची हिरवी पट्टी संथपणे सरकत राहते, 'नॉट रिस्पाँडिंग' अशी अक्षरं येतात, टास्कबारही दाद देत नाही. शेजारचा लगेच सांगतो, "व्हायरस असंल भावा, फॉरमॅट मार." कुणाच्या तरी लग्नाचे फोटो त्याच डिस्कवर असतात, आणि ते पुन्हा काढता येत नाहीत. म्हणून आत काय चाललंय ते आधी कळायला हवं.

अशा वेळी कॉम्प्युटर बहुतेकदा बिघडलेला नसतो. तो उत्तराची वाट बघत असतो. ऑपरेटिंग सिस्टीमनं डिस्ककडे माहितीचा एक तुकडा मागितलेला असतो. तो ज्या सेक्टरवर, म्हणजे डिस्कवरच्या ज्या छोट्या कप्प्यात आहे, तो खराब झाला असेल, तर डिस्क लगेच 'नाही' म्हणत नाही, तीच जागा पुन्हा पुन्हा वाचून बघते. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये अशा एका मागणीला मुळात 30 सेकंदांची मुदत असते. ती संपली की जोडणी रीसेट होते आणि तीच मागणी पुन्हा जाते. तोवर मागणारा प्रोग्रॅम असा अडकलेला असतो की सक्तीनं बंद करायला गेलं तरी बंद होत नाही. विंडोजमध्ये फोल्डर उघडणारा आणि टास्कबार दाखवणारा प्रोग्रॅम एकच, एक्सप्लोरर. तो फोटोंची छोटी चित्रं काढायला एकेक फाइल उघडायला जातो, आणि एका खराब फाइलपायी सगळा पडदा गोठल्यासारखा वाटतो.

पण प्रत्येक वेळी दोष डिस्कचाच असतो असं नाही. वीज कमी पडणं हे फार मोठं कारण आहे, आणि तिकडे लक्ष सगळ्यात कमी जातं. यूएसबी 2.0 चा पोर्ट प्रमाणानुसार 500 मिलीअँपिअर देतो, 3.0 चा 900. अडीच इंची डिस्कची मोटर फिरायला लागताना क्षणभर याहून जास्त ओढू शकते. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टपर्यंत आतून एक वायर आलेली असते, त्यात कुणी एका पोर्टाचे अनेक करणारा बिनअ‍ॅडॅप्टरचा हब लावलेला असतो, केबल लांब आणि स्वस्तातली. व्होल्टेज घसरतं, डिस्क क्षणभर बंद पडून परत उठते आणि कॉम्प्युटर पुन्हा तिची ओळख करून घेत बसतो. म्हणून पहिलं काम: हब काढा, चांगली आखूड केबल घ्या, आणि मदरबोर्डला थेट जोडलेल्या मागच्या पोर्टमध्ये डिस्क लावा.

कधी हँग झालेला असतो तो नुसता माऊस. यूएसबी 3.0 च्या केबलमधून 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट बाहेर पडतो. इंटेलनं 2012 मध्ये याची मोजमापं प्रसिद्ध केली होती. बहुतेक वायरलेस माऊस याच पट्ट्यात चालतात. डिस्कशेजारचा माऊसचा रिसीव्हर लांबच्या पोर्टात लावला की माऊस सुरळीत चालू लागतो. आणि कॉम्प्युटर सुरू होतानाच कंपनीच्या लोगोवर अडत असेल तर बायोसमधला, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमधला बूट क्रम बघा, तो कुठल्या डिस्कवरून आधी सुरू व्हायचं ते ठरवतो. कॉम्प्युटर यूएसबीवरून सुरू व्हायची धडपड करत असू शकतो.

एवढं करूनही अडत असेल तर विंडोजमधल्या बिघाडांच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडा. सिस्टीमच्या नोंदींत डिस्कच्या नावानं 7 क्रमांक असेल तर खराब ब्लॉक सापडलाय, 153 असेल तर मागणी पुन्हा पाठवावी लागलीये. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये 'करंट पेंडिंग सेक्टर'चा, म्हणजे वाचता न आलेल्या सेक्टरांचा आकडा शून्यापेक्षा जास्त दिसला, तर त्या डिस्कवर नवीन काही लिहू नका.

इथंच घाईनं चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क-दुरुस्तीची आज्ञा, /r लावून चालवली जाते. मरायला टेकलेल्या डिस्कवर ती अख्खी डिस्क वाचायला लावते, वर फाइलींच्या नोंदीही बदलते. आधी प्रत काढा. लिनक्सवरचं 'डीडीरेस्क्यू' हे मोफत साधन चांगला भाग आधी उचलतं, अडणाऱ्या जागा सोडून पुढे जातं आणि शेवटी त्यांच्याकडे परत येतं. कुठवर आलो याचा नकाशा ते लिहून ठेवतं, त्यामुळे मध्येच लाईट गेली तरी काम पुढे सुरू करता येतं. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र हेही करू नका. ती बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या, कारण त्या अवस्थेत प्रत्येक वेळी सुरू करताना पृष्ठभाग आणखी खरवडला जाऊ शकतो.