वॉलेस संग्रहातील डच व फ्लेमिश चित्रे

लंडनच्या मँचेस्टर चौकातील हर्टफर्ड हाउस या सरदारी वाड्यात जतन केलेली, मुख्यत्वे सतराव्या शतकातील डच (हॉलंडमधील) व फ्लेमिश (फ्लँडर्स म्हणजे आजच्या बेल्जियममधील) चित्रे. त्यांपैकी बरीच चौथे मार्क्वेस (सरदारी पदवी) ऑफ हर्टफर्ड (१८००–७०) यांनी पॅरिस व लंडन येथील लिलावांतून मिळविली. त्यांचे वारस व बहुधा अनौरस पुत्र सर रिचर्ड वॉलेस यांच्या पत्नीने १८९७ मध्ये हा संग्रह मृत्युपत्राद्वारे राष्ट्राला दिला आणि १९०० मध्ये तो लोकांसाठी खुला झाला.

डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या चित्रांचा कर्तृत्वनिर्णय (चित्र कोणाच्या हातचे हे ठरविणे) हा या संग्रहाच्या अभ्यासातील सर्वांत गुंतागुंतीचा प्रश्न होय. प्रारंभी सुमारे डझनभर चित्रे त्याच्या नावावर होती; विसाव्या शतकातील चिकित्सेनंतर निर्विवाद असे, मुलगा टायटस याचे व्यक्तिचित्र (सु. १६५७) तेवढे उरले. १८४८ च्या स्टो (इंग्लंडमधील एक सरदारी वाडा) येथील लिलावात रेम्ब्रांटचे म्हणून घेतलेले, ‘सेंच्युरियन (रोमन सैन्याधिकारी) कॉर्नेलियस’ या नावाने गाजलेले चित्र आता त्याचा शिष्य विलेम ड्रोस्ट याचे मानतात व त्याचा विषय बायबलमधील निर्दय सेवकाची कथा असल्याचे समजले जाते. काळी टोपी घातलेले आत्मचित्र मात्र अलीकडे पुन्हा रेम्ब्रांटच्याच हातचे मानले जाते. गुरू व शिष्य एकाच कार्यशाळेत एकाच पद्धतीने रंगवीत असल्याने अशा निर्णयांना अंतिम न मानणेच योग्य.

डच चित्रकार फ्रान्स हाल्सचे ‘लाफिंग कॅव्हेलियर’ (हसणारा सरदार) हे व्यक्तिचित्र १८६५ मध्ये बॅरन जेम्स रॉथशिल्ड यांच्याशी चढाओढ करून विकत घेतले गेले. त्यावर १६२४ हे वर्ष व चित्रित पुरुषाचे २६ हे वय नोंदलेले आहे. प्रचलित नाव मात्र एकोणिसाव्या शतकातील आहे. हा पुरुष हार्लेमचा कापडव्यापारी टिलेमान रोस्टरमान असावा, असे एक मत आहे. बाहीच्या भरतकामातील मधमाश्या, बाण व प्रेमगाठी या चिन्हांवरून हे चित्र विवाहाच्या संदर्भातील असावे, हा तर्क अधिक ग्राह्य वाटतो.

फ्लेमिश चित्रांत रूबेन्सचे इंद्रधनुष्याचे निसर्गचित्र (सु. १६३६) अग्रगण्य आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील ‘हेट स्टेन’ (रूबेन्सच्या वाड्याचे निसर्गचित्र) हे त्याचे जोडचित्र असून २०२१ मध्ये दोन्ही हर्टफर्ड हाउसमध्ये शेजारी मांडली गेली. व्हॅन डाइकची फिलिप ल रॉय व त्याच्या पत्नीची पूर्णाकृती व्यक्तिचित्रेही येथे आहेत. पीटर द होख, तेर बोर्ख, यान स्टेन, होब्बेमा यांचीही चित्रे संग्रहात आहेत. देणगीच्या अटींमुळे कलाकृती बाहेर पाठविण्यावर असलेले बंधन २०१९ मध्ये शिथिल झाले.