कुंडी भंडारा (बऱ्हाणपूर)

कुंडी भंडारा ही मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर शहराला पिण्याचे पाणी पुरवण्यासाठी मोगल काळात बांधलेली भूमिगत जलव्यवस्था आहे. तिला खुनी भंडारा असेही म्हणतात. इराणी कनात पद्धतीच्या या योजनेत पाणी उपसावे लागत नाही. डोंगरपायथ्याशी मुरलेले पाणी भुयारात पाझरते आणि उताराने आपोआप शहराकडे वाहते.

बऱ्हाणपूर तापीच्या काठी वसले असले, तरी दख्खनच्या मोहिमांमुळे तेथे मोठी लष्करी छावणी पडू लागल्यावर केवळ नदीवर विसंबणे धोक्याचे ठरले, कारण शत्रूने पाण्यात विष कालवले असते, तर फौज आणि रयत दोन्ही संकटात सापडली असती. जहांगीरच्या कारकिर्दीत, मोगल सुभेदार अब्दुर्रहीम खानखाना यांच्या अमलात, तब्कुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्याकडून तापीकडे जमिनीखालून सरकणारे पाणी हेरले आणि ते वाटेतच अडवून १६१५ च्या सुमारास या योजनेला आकार दिला. शहरासाठी असे आठ भंडारे बांधण्यात आले. मूळ भंडारा, सुखा भंडारा आणि चिंताहरण हे त्यांपैकीच होत.

कुंडी भंडाऱ्यात शंभराहून अधिक उभ्या विहिरी, म्हणजे कुंड्या, एका रांगेत असून त्या तळाशी भुयाराने जोडलेल्या आहेत. त्यांतून भुयारात हवा आणि उजेड पोहोचतो व गाळ काढण्यासाठी माणसाला खाली उतरता येते. पावसाचे गढूळ पाणी आत पडू नये म्हणून कुंड्यांची तोंडे जमिनीपासून उंच बांधलेली आहेत. चारशे वर्षांपूर्वी पाण्याच्या शुद्धतेचा इतका बारकाईने विचार झाला होता, याचे मोल मोठे आहे. एका कुंडीतून सुमारे ८० फूट खाली उतरता येते. तेथे भिंतींवर कॅल्शियमच्या क्षारांचे पांढरे थर साचलेले दिसतात, आणि हेच थर वाढत जाऊन पाझराची छिद्रे बुजवतात. भुयारातील पाणी जाळी करंज या हौदात गोळा होई आणि तेथून नळांद्वारे शहरात खेळवले जाई.

या व्यवस्थेचा जीव भुयारात नसून सातपुड्याच्या पायथ्याशी, दगडगोट्यांच्या सच्छिद्र पट्ट्यात आहे. तेथे पाऊस मुरला तरच कुंड्यांत पाणी येते. हाच पट्टा पश्चिमेला जळगाव जिल्ह्यातील रावेर व यावल तालुक्यांत पसरलेला असून, दोन्हीकडे केळीच्या बागांसाठी विंधनविहिरींतून होणाऱ्या बेसुमार उपशाने भूजल खोल गेले आहे. त्यामुळे नुसत्या बांधकामाची डागडुजी पुरेशी नाही. उपशावर मर्यादा आणि पुनर्भरण ही खरी गरज आहे. २०२४ मध्ये कुंडी भंडाऱ्याचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला, तर तापी खोऱ्यातील भूजल पुनर्भरणाच्या मोठ्या योजनेसाठी मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांनी २०२५ मध्ये करार केला.