ओबडधोबड रायफल जपताना

१९३६ साली बनलेली जर्मन काराबिनर ९८-के रायफल हातात घेतली तर तिच्यावर बोट कुठेही अडत नाही. पोलाद घासूनपुसून गुळगुळीत केलेलं, त्यावर काळसर निळी झाक, आणि अक्रोडाचा दस्ता तेल पिऊन गडद झालेला. आता तीच रायफल, पण १९४५च्या आरंभीची, तेव्हा जर्मन ताब्यात असलेल्या ब्रनो या चेक शहरातल्या कारखान्यातली घ्या. बोल्टच्या, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या, घरावर कटरच्या रेघा नखाला लागतात. नळी आणि दस्ता एकत्र धरणाऱ्या कड्या पत्रा दाबून केल्या आहेत, त्या जागेवर ठेवायला पूर्वीच्या स्प्रिंगऐवजी साधे स्क्रू आहेत. संगीन अडकवायची सोय नाही, नळी साफ करायची सळई नाही. रंग राखाडी-हिरवट, खडूसारखा कोरडा.

पहिली रायफल कुणालाही आवडेल. मला दुसरी अधिक मोलाची वाटते. एक देश युद्ध हरत असताना त्याच्या कारखान्यात महिन्यागणिक काय काय सुटत गेलं, याची नोंद तिच्या अंगावर आहे. तिची काळजी घेताना सगळ्यात मोठा धोका गंजाचा नाही. तिला ‘छान’ करायला निघालेल्या हौशी हातांचा आहे.

या नमुन्याच्या १९३५ ते १९४५ या काळात १ कोटी ४० लाखांहून अधिक रायफली बनल्या. लांबी १११ सेंटीमीटर, वजन चार किलोच्या आसपास, काडतूस ७.९२ मिलिमीटरचं. यंत्रणा मात्र माउझर या जर्मन कंपनीच्या १८९८च्या नमुन्याची. कुशल कामगार आघाडीवर गेले, वरून बॉम्ब पडत होते, आणि मागणी काही कमी होत नव्हती. मग कारखान्यांनी एकच प्रश्न विचारला : कुठलं काम गाळलं तरी गोळी सुटेल? पॉलिश गाळलं. घन पोलादातून कोरून काढायचे भाग पत्र्यात आणले. बोल्ट आणि नळी यांच्याशी मात्र शेवटपर्यंत फारशी तडजोड नाही, कारण गोळीचा सारा दाब तिथेच येतो. घाई कुठे चालते आणि कुठे चालत नाही, याची इतकी स्पष्ट सीमारेषा दाखवणारी वस्तू विरळाच.

त्या राखाडी-हिरवट रंगाकडे जरा थांबून पाहायला हवं. जुन्या रायफलींची निळी झाक म्हणजे लोखंडाचाच काळा ऑक्साइड, मॅग्नेटाइट. तोही एक प्रकारचा गंजच, पण घट्ट चिकटून बसणारा. त्याचा थर जेमतेम एखाद-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो आणि तो उठून दिसण्यासाठी खालचं पोलाद आधी चकचकीत करावं लागतं. हे काम वेळखाऊ. राखाडी-हिरवट रंग फॉस्फेटचा, त्याचं तसं नाही. भाग गरम आम्लधर्मी द्रावणात बुडवला की पृष्ठभागावर फॉस्फेटचे बारीक स्फटिक उगवतात. खडबडीत पोलादावर ते उलट अधिक चांगले धरतात. आपल्याकडे भोसरी-चाकणच्या कारखान्यांत रंग देण्याआधी पत्र्याचं फॉस्फेटिंग करतात, त्यातलंच हे. हा थर ऑक्साइडपेक्षा कितीतरी जाड आणि स्पंजासारखा सच्छिद्र असतो, तेल धरून ठेवतो. त्यामुळे दिसायला गरीब असलेला हा मुलामा गंजाला निळ्या झाकेपेक्षा अधिक काळ तोंड देतो. नाइलाजाने निवडलेली गोष्ट या एका बाबतीत सरस निघाली.

दस्त्याचंही असंच. अक्रोडाचं लाकूड दस्त्यासाठी वापरण्याआधी बराच काळ मुरवावं लागतं. कच्चं वापरलं तर पुढे ते आक्रसतं, पिळवटतं, नळीवर एका बाजूने दाबतं आणि नेम सरकतो. म्हणून तिसाव्या दशकातच जर्मनांनी बीच नावाच्या झाडाच्या पातळ पापुद्र्यांना फिनॉलिक राळेने चिकटवून दस्ते करायला सुरुवात केली होती. एका पापुद्र्याची ओढ दुसरा रोखतो, त्यामुळे ओल-ऊन सोसूनही आकार टिकतो. असा दस्ता वजनाला जड होतो खरा. वळणावर तो कापला गेला की पापुद्र्यांच्या कडा नकाशावरच्या उंचीरेषांसारख्या उमटतात. ते दृश्य मला अक्रोडापेक्षाही देखणं वाटतं.

पण ही रायफल कुणी बनवली, हे डोळ्याआड करून तिच्या सौंदर्याबद्दल बोलता येत नाही. बोल्टच्या घरावर ‘बीसीडी’ ही अक्षरं असतील तर ती जर्मनीतल्या वायमारच्या गुस्टलोफ कारखान्याची. या कंपनीचा एक कारखाना बुखेनवाल्ड छळछावणीला लागूनच होता आणि तिथे कैद्यांना राबवत असत. २४ ऑगस्ट १९४४ला अमेरिकन विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले, त्यात शेकडो कैदीही मेले. ‘बीएनझेड’ म्हणजे ऑस्ट्रियातलं श्टायर. त्यांच्या रायफलींचे सुटे भाग गुसेनच्या छावणीत कैद्यांकडून करवून घेतले जात. रायफलीवरची एखादी वेडीवाकडी रेघ अशा उपाशी हाताची असू शकते. ती पॉलिशने घासून टाकणं मला अपराध वाटतो.

बंदुकीच्या दुसऱ्या टोकाला आपली माणसंही होती. इटलीच्या आघाडीवर जर्मन पायदळाची मुख्य रायफल हीच होती. ९ एप्रिल १९४५ला सेनियो नदीवर मराठा लाइट इन्फंट्रीच्या नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना गोळीबारातून उचलून आणलं, मशीनगनची ठाणी गप्प केली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. ब्रनोची ती राखाडी रायफल याच वर्षाच्या आरंभीची.

युद्ध संपल्यावरही या रायफली थांबल्या नाहीत. इस्रायलने त्या वापरल्या आणि पुढे अनेकींच्या नळ्या ७.६२ मिलिमीटरच्या करून घेतल्या. नॉर्वेने अमेरिकन काडतुसासाठी बदलल्या. युगोस्लाव्हियात कित्येकींचे जर्मन छाप घासून काढले गेले. सोव्हिएत गोदामांत लाखो रायफली खोलल्या, मिसळल्या, पुन्हा जोडल्या गेल्या. बोल्टवर विजेच्या लेखणीने नवे आकडे कोरले आणि दस्त्यांवर तांबूस चपडीचा हात दिला. आपला सुतार स्पिरिटमध्ये विरघळवून फर्निचरला लावतो तीच चपडी. काही संग्राहक स्पिरिटचा बोळा फिरवून ती काढून टाकतात, ‘मूळ’ रूप परत यावं म्हणून. माझ्या मते हे चूक आहे. तो थरही तिच्या आयुष्याचाच एक भाग आहे, आणि खालचं मूळ तेल बहुधा केव्हाच गेलेलं असतं.

प्रत्यक्ष जतनाची सुरुवात रायफल रिकामी आहे ना, हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासण्यापासून होते. हातात नायट्राइल रबराचे मोजे हवेत, कारण घामातलं मीठ पोलादावर बोटांचे ठसे गंजाच्या रूपात उमटवतं. मिठाचा दुसरा साठा नळीत असतो. त्या काळातल्या अनेक लष्करी काडतुसांच्या टोपीत, म्हणजे बुडाशी ठिणगी देणाऱ्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून उरणारं पोटॅशियम क्लोराइड कोकणातल्या पावसाळ्यातल्या मिठासारखं हवेतली ओल ओढतं आणि खालचं लोखंड खायला लागतं. ते तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून असे क्षार असतील तर आधी गरम पाणी, मग पूर्ण कोरडं करणं, आणि शेवटी तेल, हा क्रम उलटवता येत नाही.

लाल, भुसभुशीत गंज तेलात भिजवून बांबूच्या काडीने किंवा नायलॉनच्या ब्रशने हळूहळू काढावा. काळा, घट्ट गंज असेल तर त्याला हात लावू नये, तो स्थिर असतो. व्हिनेगर, लिंबू, बाजारातली गंज काढणारी द्रावणं यांना मनाई. आम्ल गंजाबरोबर फॉस्फेट आणि निळी झाकही खातं, आणि ती गेली की परत येत नाही. दस्त्याला सँडपेपर लावायचा नाही. लाकडातले बारीक शिक्के जेमतेम अर्धा मिलिमीटर खोल असतात. जवसाचं तेल वारंवार चोपडू नये. ते हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होतं, काळवंडतं आणि धूळ धरून चिकट राहतं. त्याऐवजी संग्रहालयं वापरतात तसं मायक्रोक्रिस्टलाइन (अतिसूक्ष्म स्फटिकांचं) मेण, अगदी पातळ. चामड्याचा पट्टा असेल तर तो वेगळा ठेवावा, कारण चामडं ओल धरतं, आणि त्याला पितळेची कडी असेल तर तिथे हिरवी बुरशीसारखी पुटं येतात. आर्द्रतेचा प्रश्न अवघड आहे. पोलादाला हवा जितकी कोरडी तितकी बरी, लाकूड फार कोरड्या हवेत तडकतं. म्हणून ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास ती स्थिर ठेवायची. आकड्यापेक्षा ती वरखाली न होणं महत्त्वाचं. आपल्याकडे चालू स्थितीतली अशी रायफल बाळगायला १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, हे वेगळं सांगायला नको.

शेवटच्या महिन्यांतल्या रायफलींना बाजारात भाव चढल्यापासून बनावट शिक्केही आले आहेत. इथे तो गरीब फॉस्फेटच साक्षीला उभा राहतो. भिंगाखाली शिक्का पाहा. तो कारखान्यात, मुलाम्याच्या आधी मारलेला असेल तर अक्षराच्या तळाशीही तेच राखाडी स्फटिक उगवलेले दिसतात. नंतर मारला असेल तर स्फटिक चिरडलेले असतात आणि अक्षराच्या कडेला उघडं पोलाद चमकतं. रायफल घासून पुन्हा रंगवली की ही परीक्षा कायमची जाते. म्हणून ब्रश उचलण्याआधी फोटो काढावेत, आणि कार्डावर साधं लिहावं : डाव्या अंगाला कटरच्या रेघा, फॉस्फेट शाबूत, बोल्टचा क्रमांक रायफलीच्या क्रमांकाशी जुळत नाही, पुढच्या कडीचा स्क्रू तिरका बसलेला, तसाच ठेवला.