प्रत्येक मुलाचा वेगळा वार : ख्रिस्ती घरांतील स्वभावानुसार शिस्तीची पार्श्वभूमी

घरातील सगळ्या मुलांना एकच शिस्त लावावी की ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे, हा प्रश्न ख्रिस्ती मातांमध्ये आज चर्चिला जातो तेव्हा तो आधुनिक मानसशास्त्राकडून आला असे अनेकांना वाटते. वस्तुतः त्याची मुळे फार जुनी आहेत. इ. स. 590 च्या सुमारास पोप पहिले ग्रेगरी यांनी धर्मपाळांसाठी लिहिलेल्या ग्रंथात भित्र्याला आणि धीटाला, आळशाला आणि उतावळ्याला, आनंदी माणसाला आणि दुःखी माणसाला वेगवेगळ्या रीतीने बोध करावा, असे विस्ताराने सांगितले आहे. तो उपदेश मंडळीच्या पाळकांना उद्देशून होता. घराच्या चार भिंतींत एका आईने हेच कसे केले, याची सर्वांत तपशीलवार नोंद मात्र अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये सापडते.

लिंकनशायरमधील एपवर्थ येथील धर्मगुरू सॅम्युएल वेस्ली यांच्या पत्नी सुझाना (1669–1742) यांना एकोणीस अपत्ये झाली आणि त्यांपैकी दहा जगली. मेथडिस्ट चळवळीचे (इंग्लंडच्या चर्चमध्ये सुरू झालेल्या प्रोटेस्टंट धर्मजागृतीचे) प्रवर्तक जॉन आणि स्तोत्रकार चार्ल्स हे त्यांचेच पुत्र. 24 जुलै 1732 रोजी जॉन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपली संगोपनाची पद्धत सांगितली आहे. मुलाची इच्छा लहानपणीच वश केली पाहिजे, वर्षाचे होताच, काहींना त्याआधीही, त्याला छडीचा धाक कळला पाहिजे आणि रडायचे ते हळू आवाजात, ही त्यातील विधाने आजच्या वाचकाला बोचतात, आणि बोचावीतच. तरीही त्याच पत्रात अपराध कबूल करणाऱ्याला मार देऊ नये, एकाच चुकीसाठी दोनदा रागावू नये आणि आईला खूश करण्यासाठी केलेले काम नीट जमले नाही तरी त्यामागचा हेतू स्वीकारावा, हेही नियम आहेत.

हे नियम सगळ्यांना सारखेच होते. पाचवा वाढदिवस झाला की दुसऱ्या दिवशी अक्षरओळख सुरू होई आणि ती एका दिवसात पुरी व्हावी अशी अपेक्षा असे. मॉली आणि नॅन्सी या मुलींना दीड दिवस लागला म्हणून आपण तेव्हा त्यांना मंद समजलो, पण इतर मुलांना किती काळ लागतो हे पाहिल्यावर ते मत बदलले, असे सुझाना यांनी स्वतःच लिहिले आहे. मुलांमधील फरक त्यांना असा अनुभवाने दिसत गेला.

फेब्रुवारी 1709 मध्ये त्यांचे घर आगीत भस्मसात झाले आणि पाच वर्षांच्या जॉनला खिडकीतून बाहेर काढावे लागले. मुले काही काळ वेगवेगळ्या घरी राहिली आणि परतली तेव्हा त्यांच्या सवयी बदललेल्या होत्या. पुढे, पती लंडनला गेलेले असताना, तमिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथील डॅनिश मिशनच्या कार्याचा वृत्तांत त्यांच्या वाचनात आला. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यालगतच्या त्या बंदरात झिगेनबाल्ग आणि प्ल्युचाउ हे दोन जर्मन मिशनरी 1706 मध्ये उतरले होते. त्यांच्या तळमळीने भारावून जाऊन सुझाना यांनी फेब्रुवारी 1712 मध्ये पतीला कळवले की, आता रोज संध्याकाळी एकेका मुलाशी एकांतात बोलायचे ठरवले आहे: सोमवारी मॉली, मंगळवारी हेटी, बुधवारी नॅन्सी, गुरुवारी जॉन, शुक्रवारी पॅटी, शनिवारी चार्ल्स, आणि रविवारी एमिली व सूकी एकत्र. चार्ल्स तेव्हा अवघा चार वर्षांचा होता. प्रत्येक मुलाचा आत्मा ही देवाने आपल्याकडे सोपवलेली ठेव आहे, ही त्यामागची श्रद्धा होती. माझ्या मते ख्रिस्ती घरातील स्वभावानुसार शिस्तीचा खरा उगम या राखून ठेवलेल्या वेळात आहे, कारण ज्याच्याशी एकट्याने बोलणे होत नाही त्याचा स्वभाव आईलाही पुरता कळत नाही. पुढे ऑक्सफर्डमध्ये अध्यापक झालेल्या जॉन यांनी 1732 मध्ये आईकडे त्याच गुरुवारच्या संध्याकाळची आठवण काढली.

एकोणिसाव्या शतकात हा धागा अमेरिकेत पोहोचला. 1815 पासून ईशान्य अमेरिकेतील न्यू इंग्लंड भागात मातांच्या प्रार्थनामंडळ्या स्थापन होऊ लागल्या. 1847 मध्ये हार्टफर्डचे पाळक होरेस बुशनेल यांनी, मूल घराच्या वातावरणातच ख्रिस्ती म्हणून वाढावे, असा विचार मांडून इच्छा मोडण्याच्या जुन्या पद्धतीवर टीका केली. इंग्लंडमध्ये शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (1842–1923) यांनी मूल जन्मतःच पूर्ण व्यक्ती असते, हे तत्त्व मातांच्या शिक्षणाचा पाया बनवले.

स्वभावांचे वर्गीकरण या परंपरेत त्या मानाने उशिरा रूढ झाले. न्यूयॉर्कमध्ये मनोविकारतज्ज्ञ अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी 1956 मध्ये अर्भकांच्या उपजत स्वभावभेदांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. इव्हँजेलिकल (बायबल आणि वैयक्तिक श्रद्धेवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) वर्तुळात मात्र 1966 मध्ये अमेरिकन पाळक टिम लाहे यांनी प्राचीन ग्रीक वैद्यकातील चार स्वभावप्रकार लोकप्रिय केले, आणि 1978 मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स डॉब्सन यांनी हट्टी आणि आज्ञाधारक मुलांतील फरक मांडताना, इच्छेला वळण लावावे पण मुलाचे मन खचू देऊ नये, असा इशारा दिला. या वर्गीकरणांमुळे अनेक मातांना आपल्या मुलाकडे दोषी म्हणून न पाहता निराळे म्हणून पाहता आले, हा मोठाच लाभ होता. मात्र चार प्रकारांपैकी एक निवडून मुलाला चिकटवला की त्याला नव्याने ओळखण्याचे काम थांबण्याचा धोकाही तेव्हापासूनच सुरू झाला.