गॅरेजने दुरुस्ती नीट केली नाही तर: ग्राहक आयोगातली तक्रार, लागणारे कागद आणि ती नेमकी कुठे फसते

गाडी तीनदा गॅरेजला टाकली, तीनदा पैसे भरले आणि दोष जिथल्या तिथे. असा माणूस ग्राहक आयोगात हरला की त्याला वाटतं, समोरच्याने वशिला लावला. निकालपत्र वाचलं तर कारण बहुधा वेगळंच निघतं: दुरुस्तीला दिला तोच दोष दुरुस्तीनंतरही राहिला, हे तक्रारदाराला दाखवता आलेलं नसतं. सेवेत त्रुटी होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदाराची असते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येही हेच सांगितलं आहे. म्हणून इथे अर्ज भरण्यापेक्षा कागद जमवण्यावर जास्त लिहितो आहे. अर्ज तासाभरात भरून होतो. कागद मात्र गाडी गॅरेजच्या दारात उभी असतानाच मिळतात, नंतर मिळत नाहीत.

तक्रार कोण करू शकतं

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. पैसे देऊन किंवा द्यायचं कबूल करून सेवा घेणारा तो ग्राहक. गाडी वडिलांच्या नावावर असेल आणि त्यांच्या संमतीने तुम्ही ती वापरत आणि दुरुस्त करून घेत असाल, तर तुम्हीही ग्राहक ठरता. तरी वडिलांनाही तक्रारदार म्हणून सोबत घ्या, म्हणजे त्या मुद्द्यावर वेळ जात नाही.

खरी अडचण टॅक्सी, टेम्पो आणि कंपनीच्या नावावरच्या गाड्यांची. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा या कायद्यात बसत नाही. मात्र स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून गाडी चालवणाऱ्याला कायद्याने ‘व्यापारी हेतू’तून वगळलं आहे, म्हणजे तो तक्रार करू शकतो. हे वाक्य तक्रारीत स्पष्ट लिहावं लागतं: ‘सदर वाहन मी केवळ स्वयंरोजगाराद्वारे उपजीविकेसाठी चालवतो.’ कित्येक टॅक्सीवाले हे लिहीतच नाहीत आणि समोरचा वकील पहिल्याच तारखेला तोच मुद्दा काढतो. हातातोंडाची गाठ घालणाऱ्या माणसाची तक्रार एका न लिहिलेल्या वाक्यामुळे अडकावी, याचं फार वाईट वाटतं.

जॉब कार्ड: सगळी तक्रार या एका कागदावर उभी राहते

गाडी आत घेताना सर्व्हिस सेंटरचा माणूस जॉब कार्डवर, म्हणजे गाडीची तक्रार आणि करायचं काम नोंदवण्याच्या कागदावर, ‘जनरल चेकअप’ लिहितो आणि आपण सही करतो. तिथेच निम्मी केस जाते. तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या: ‘इंजिन गरम होतं, चढावर काटा लाल रेषेवर जातो, कूलंट आठवड्यात कमी होतं.’ शेजारी तारीख आणि किलोमीटर हवेतच. गाडी सोडवल्यावर साठ किलोमीटरच्या आत पुन्हा आत आली, हे मीटरच्या आकड्याइतकं दुसरं काही सांगू शकत नाही. दुसऱ्या, तिसऱ्या वेळी ‘तोच दोष पुन्हा’ हे शब्द लिहूनच घ्या. माणूस नाही म्हणाला तर तिथेच उभं राहून त्याला तेच व्हॉट्सॲपवर पाठवा.

दुसरा फसवा कागद गाडी सोडवताना येतो. गेटपास म्हणून जो कागद पुढे करतात, त्यावर बारीक अक्षरांत ‘काम समाधानकारक झाले’ असं छापलेलं असतं. घाईत सगळे सही करतात. सहीच्या वर ‘गाडी चालवून पाहिलेली नाही’ एवढं हाताने लिहा आणि मोबाइलवर फोटो काढा. समाधानाची कोरी सही आयोगापुढे तुमच्याच विरुद्ध वाचली जाते.

कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे जॉब कार्ड नसतं, बिलही चिठ्ठीवर असतं. म्हणून हक्क जात नाही. बिल किंवा पावती न देणं हीच या कायद्याखाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. पैसे यूपीआयने द्या आणि त्याच दिवशी मेसेज करा: ‘आज क्लच प्लेट आणि मजुरीचे इतके रुपये दिले, बिल पाठवा.’ त्याने ‘ठीक आहे’ एवढं उत्तर दिलं तरी व्यवहाराचा पुरावा तयार झाला. मात्र व्हॉट्सॲपचे नुसते प्रिंट जोडू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र सोबत द्या. आयोग पुराव्याच्या नियमांबाबत न्यायालयाइतका काटेकोर नसतो, पण समोरच्याला हरकत घ्यायला जागा कशाला ठेवायची?

काढलेले जुने पार्ट मागून घ्या. मागणी जॉब कार्डवर आधीच लिहिलेली असली की ‘भंगारात गेले’ हे उत्तर चालत नाही.

कुणाकडेच नसलेला कागद

तो म्हणजे दुसऱ्या मेकॅनिकचा लेखी अहवाल. लोक वैतागून गाडी दुसरीकडे नेतात, इंजिन उघडतात, दुरुस्त करतात आणि मग तक्रार करायला येतात. तोवर पुरावा संपलेला असतो. पहिला गॅरेजवाला सांगतो, दुसऱ्याने उघडून बिघडवली, आणि त्याला खोडून काढायला हातात काहीच नसतं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी पहिल्या गॅरेजला लेखी कळवा की दोष कायम आहे, अमुक दिवसांत तपासून दुरुस्त करा, नाहीतर दुसरीकडे तपासणी करून घेईन. हे स्पीड पोस्टने पाठवा आणि पोहोचल्याची नोंद छापून ठेवा. मुदत उलटल्यावर दुसरीकडे आधी फक्त तपासणी करून घ्या. लेटरहेडवर गाडीचा नंबर, तारीख, किलोमीटर, काय आढळलं, कोणता पार्ट कोणत्या अवस्थेत होता, आणि खाली सही-शिक्का. स्कॅनरचा रिपोर्ट निघत असेल तर तोही. उघडताना व्हिडिओ. दुरुस्ती त्यानंतर.

‘दुसऱ्या गॅरेजविरुद्ध मी लिहून देणार नाही’ असं मेकॅनिक म्हणतो, आणि त्याची अडचण खरी असते. त्याला कुणाचा दोष आहे हे लिहायला सांगूच नका. त्याने जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहू दे. ‘गॅस्केट जुनं आहे, बदललेलं दिसत नाही’ एवढं वाक्य पुरे, कारण तुमच्या बिलात नव्या गॅस्केटचे पैसे लावलेले असतात. अहवाल मिळालाच नाही, तर तज्ज्ञाकडून तपासणी व्हावी असा वेगळा अर्ज आयोगात करता येतो. त्यासाठी गाडी आहे त्या अवस्थेत ठेवावी लागते.

गॅरेजवाला गाडीच सोडत नसेल तर

काम केल्याची मजुरी मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवण्याचा हक्क करार कायद्याच्या कलम १७० ने कारागिराला दिला आहे. पण तो ठरल्याप्रमाणे केलेल्या कामापुरता आहे. काम झालंच नाही किंवा न सांगता वाढवलेलं बिल आहे, तर वाद घालायला जागा आहे. तरीही गाडी महिनोन्‌महिने तिथे सडू देऊ नका. ‘हरकत कायम ठेवून रक्कम देत आहे’ असं लिहून पैसे भरा, गाडी सोडवा आणि मग तक्रार करा. पैसे भरले म्हणजे बिल मान्य केलं असं होत नाही, पण ते लिहिलेलं असलं पाहिजे.

दोन वर्षांची मुदत

तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. इथे लोक हमखास चुकतात. ते शेवटच्या नोटिशीपासून किंवा शेवटच्या फोनपासून मोजतात. पत्रव्यवहार चालू ठेवल्याने मुदत वाढत नाही. दोष कायम ठेवून गाडी पहिल्यांदा तुमच्या हातात दिली, ती तारीख धरून चाला. उशीर झालाच, तर माफीचा वेगळा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि प्रत्येक टप्प्याचं कारण सांगावं लागतं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपयोगी आहे, तिथे जरूर तक्रार नोंदवा, काही वेळा तेवढ्यावर पैसे परत मिळतात. पण हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही आणि तिथे तक्रार पडून आहे म्हणून आयोगाची मुदत थांबत नाही. ‘ऑनलाइन तक्रार केली होती की’ म्हणत दोन वर्षं घालवलेली माणसं पाहिली आहेत.

दाखल करणं

दिलेला मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. लक्षात घ्या, मोबदला म्हणजे गॅरेजला दिलेली रक्कम, तुम्ही मागत असलेली भरपाई नव्हे. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, त्यामुळे गॅरेजच्या बहुतेक तक्रारी विनाशुल्क दाखल होतात. तुम्ही राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या जिल्ह्यात दाखल करता येते; गाडी परगावी बंद पडून तिथे दुरुस्त केली असली तरी तिकडे खेपा घालायची गरज नाही. वकील सक्तीचा नाही, तक्रार मराठीत चालते. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही भरता येते.

तक्रारीसोबत तारीखवार घटनाक्रम, प्रतिज्ञापत्र, अनुक्रमणिका आणि क्रमांक घातलेली कागदपत्रं. छाननीत त्रुटी काढल्या की दिलेल्या मुदतीत दुरुस्त करा. धूसर स्कॅन किंवा सुटलेली सही असल्या कारणांसाठी तक्रार परत पाठवतात आणि काय चुकलं ते एका ओळीत नीट सांगतही नाहीत; कामावर खाडा करून आलेल्या माणसाला पुन्हा खेप पडते.

विरुद्ध पक्षाचं नाव पाटीवरून उतरवू नका. पाटीवर ‘मोटर्स’ असतं, बिलावर मालकाचं किंवा कंपनीचं. जीएसटी क्रमांक बिलावर असतो, त्यावरून जीएसटीच्या पोर्टलवर कायदेशीर नाव सापडतं. दोष वॉरंटीतला असेल तर उत्पादक कंपनीलाही पक्षकार करा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

मागण्या वेगवेगळ्या लिहा: दुरुस्तीचे पैसे परत, दुसरीकडे झालेला खर्च, टोइंग, मनस्तापाची भरपाई, तक्रारीचा खर्च. मनस्तापापोटी दहा लाख लिहून काही मिळत नाही. टोइंगची पावती जोडलेली असेल तर तेवढे पैसे बहुधा मिळतात.

पुढे

नोटीस मिळाल्यापासून गॅरेजला जबाबासाठी तीस दिवस, फार तर आणखी पंधरा. त्यापलीकडे आयोगही मुदत वाढवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवून दिलं आहे. पंचेचाळीस दिवस उलटल्यावरही जबाब घेतला जात असेल तर तिथेच लेखी हरकत नोंदवा. निकाल तीन महिन्यांत लावावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ लागतो, त्या तयारीने जा. दूर असाल तर व्हिडिओद्वारे सुनावणीची विनंती करता येते.

आदेशाविरुद्ध राज्य आयोगात पंचेचाळीस दिवसांत अपील करता येतं, पण पैसे द्यायचा आदेश झालेल्या गॅरेजला आधी निम्मी रक्कम भरावी लागते. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, अशी वेळ आली तर आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन अंमलबजावणीचा अर्ज त्याच आयोगात करा. कलम ७१ खाली वसुली होते आणि कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, पंचवीस हजार ते एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हा अर्ज आपोआप होत नाही, तो तुम्हालाच करावा लागतो.